अधिबोध आणि ज्ञानाचे कर्तृत्व : झोएल प्रूस्त यांच्या संशोधनाचा परिचय

परिचित माणसाचे नाव ओठांवर यावे आणि तेथेच अडावे, हा अनुभव सर्वांच्या नित्याचा आहे. नित्याचा असल्यामुळेच त्यात दडलेले कोडे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नाव आठवत नाही, याचा अर्थ ते त्या क्षणी मनापुढे उपस्थित नाही. असे असूनही ते आपल्याला ठाऊक आहे, थोडा अवधी मिळाल्यास ते सापडेल, असे तो मनुष्य खात्रीने सांगतो. इतकेच नव्हे, तर कोणी भलतेच नाव सुचविल्यास ते तत्काळ नाकारतो. जे मनापुढे नाही त्याच्याविषयीचा हा निवाडा तो कशाच्या आधारे करतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. टी. हार्ट यांनी १९६५ मध्ये हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणला. ज्या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांना आठवली नव्हती, त्यांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे पर्याय समोर ठेवल्यास ओळखता येतील, हे त्यांना आधी सांगावयास लावले. त्यांची भाकिते निव्वळ अटकळीपेक्षा पुष्कळच अधिक वेळा खरी ठरली. मनाला स्वतःच्या भांडाराची काही एक खबर असते, असा याचा अर्थ होतो.

या खबरेचे स्वरूप काय आणि तिच्यावर विसंबण्याचा अधिकार मनुष्याला कोठून प्राप्त होतो, या दोन प्रश्नांचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या समकालीन तत्त्वज्ञांत फ्रेंच विदुषी झोएल प्रूस्त यांची गणना करावी लागेल. पॅरिस येथील झाँ निको संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा प्रारंभीचा व्यासंग मात्र तर्कशास्त्राच्या इतिहासाचा होता. कांटपासून कार्नापपर्यंत विश्लेषक विधानाची कल्पना कशी बदलत गेली, याचा मागोवा घेणारा त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्या प्राण्यांच्या मनाच्या प्रश्नाकडे वळल्या (१९९७), तेथून संकल्पशक्तीच्या मीमांसेकडे (२००५), आणि या सर्व वाटा ज्या ठिकाणी एकत्र येतात तो ‘अधिबोधाचे तत्त्वज्ञान’ हा त्यांचा ग्रंथ २०१३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रकाशित केला. विषयांचा हा क्रम वरवर पाहता विस्कळीत भासतो. परंतु विचार करणे ही जर कृती असेल, तर तिच्या यशापयशाचे नियम कोणते, ही एकच जिज्ञासा त्यामागे आहे असे दिसून येते.

‘मेटाकॉग्निशन’ या संज्ञेसाठी येथे ‘अधिबोध’ हा शब्द योजिला आहे. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय बालमानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांच्याकडे जाते; १९७९ मधील त्यांच्या लेखानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. ‘विचाराविषयीचा विचार’ अशी तिची सुटसुटीत व्याख्या तेव्हापासून प्रचारात आहे. प्रूस्त यांच्या सर्व प्रतिपादनाचा रोख या व्याख्येवर आहे. विचाराविषयी विचार करावयाचा, तर ‘विचार’, ‘समजूत’, ‘स्मरण’ या संकल्पना आधी हाताशी हव्यात. ‘मला असे वाटते’ असे स्वतःविषयी म्हणू शकणारा प्राणी ‘त्याला असे वाटते’ असे दुसऱ्याविषयीही म्हणू शकला पाहिजे. म्हणजे अधिबोध ही परचित्तज्ञानाचीच एक शाखा ठरते. फरक इतकाच, की येथे परीक्षकाची दृष्टी स्वतःकडे वळलेली असते. या मताला आरोपवाद म्हणता येईल, कारण त्यानुसार आत्मज्ञान म्हणजे स्वतःवर मानसिक अवस्थांचा आरोप करणे होय. हे मत खरे मानल्यास भाषाहीन प्राण्याला आणि लहान मुलाला स्वतःच्या ज्ञानाची राखण करता येणे अशक्य ठरते. विमर आणि पेर्नर यांच्या १९८३ मधील प्रयोगांपासून असे मानले जात आले आहे, की दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे मुलाला साधारणतः चौथ्या वर्षाच्या सुमारास कळू लागते.

प्रूस्त यांचे मत याच्या उलट आहे. अधिबोध हा मुळात आरोप नसून मूल्यमापन आहे, असे त्या म्हणतात. आपल्या मनात अमुक अवस्था आहे असे वर्णन करणे निराळे, आणि हाती घेतलेले मानसिक काम साधेल की नाही, साधले की नाही, हे अजमावणे निराळे. पहिल्यासाठी संकल्पना लागतात. दुसऱ्यासाठी त्या लागतातच असे नाही.

हा वाद केवळ शब्दांच्या काथ्याकुटीने मिटणारा नाही, हे ओळखून प्रूस्त यांनी प्राणिमानसशास्त्रातील पुराव्याचा बारकाईने परामर्श घेतला आहे. त्यातील जे. डेव्हिड स्मिथ व त्यांचे सहकारी यांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष उद्‌बोधक आहे. फ्लॉरिडातील एका संशोधनकेंद्रात नटुआ नावाच्या डॉल्फिनला ध्वनी ऐकवून त्याची उंची ओळखावयास शिकविले होते. सेकंदाला २१०० कंपनांचा स्वर असल्यास एक फळी दाबावयाची, त्याहून खालचा असल्यास दुसरी. १२०० कंपनांचा स्वर ओळखणे सोपे. परंतु २०९० च्या घरातला स्वर २१०० पासून वेगळा करणे जवळजवळ अशक्य. डॉल्फिनपुढे एक तिसरी फळीही ठेवलेली होती. ती दाबली असता कठीण प्रश्न टळून सोपा प्रश्न मिळे. नटुआने या तिसऱ्या फळीचा उपयोग नेमका सीमारेषेच्या आसपास केला, आणि त्याच कसोटीला बसविलेल्या माणसांनीही तो जवळजवळ तेथेच केला. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, स्वर सीमारेषेजवळ आला म्हणजे त्याचे पोहणे मंदावे; तो एका फळीकडे वळे, मध्येच थबके, दुसरीकडे जाई. संशय त्याच्या अंगावर दिसत होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तरीही शंकेखोर टीकाकाराचे समाधान एवढ्याने होत नाही, आणि होऊही नये. मधल्या स्वरांना तिसरी फळी दाबणे फायद्याचे असते एवढेच प्राणी शिकला असेल, तर त्याला स्वतःच्या संशयाची काही खबर आहे असे मानण्याचे कारण उरत नाही. रॉबर्ट हॅम्प्टन यांच्या २००१ मधील प्रयोगाचे महत्त्व यासाठी आहे. त्यांनी दोन ऱ्हीसस माकडांना एक चित्र दाखविले, मध्ये काही काळ जाऊ दिला, आणि चाचणीतील पर्याय पुढे मांडण्यापूर्वीच त्यांना निवड करावयास लावली : चाचणी द्यावयाची आणि बरोबर ठरल्यास आवडता खाऊ मिळवावयाचा, की चाचणी नाकारून साध्या खाऊवर समाधान मानावयाचे. माकडांनी जेव्हा स्वेच्छेने चाचणी स्वीकारली, तेव्हा त्यांची उत्तरे सक्तीच्या चाचणीतील उत्तरांपेक्षा अधिक अचूक आली. ज्या खेपांना मुळात चित्रच दाखविले नव्हते, तेव्हा त्यांनी बहुधा चाचणी नाकारली. निवडीच्या क्षणी डोळ्यांसमोर काहीच नसताना केलेला हा निवाडा स्मृतीच्या अंतर्गत खबरेवाचून कसा शक्य झाला, याचे उत्तर आरोपवाद्याला देणे अवघड आहे. कारण माकडाला ‘स्मृती’ ही संकल्पना आहे असे म्हणण्यास तो मुळीच तयार नसतो. सर्वच प्राणी या कसोटीला उतरतात असे मात्र नव्हे. सटन आणि शेटलवर्थ यांनी २००८ मध्ये कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत अशी क्षमता आढळली नाही.

पीटर कॅरदर्स यांचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. प्राण्याच्या मनात दोन दुर्बळ समजुतींची ओढाताण होते व त्या अनिश्चिततेतून तो तिसऱ्या मार्गाकडे वळतो, एवढ्याने सर्व वर्तनाची उपपत्ती लागते. तेथे अधिबोध हा शब्दच नको, असे ते म्हणतात. येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. प्राण्याला ‘विचाराविषयीचा विचार’ करावा लागत नाही, याबद्दल कॅरदर्स व प्रूस्त यांचे एकमत आहे. त्यातून कॅरदर्स असा निष्कर्ष काढतात की प्राण्याला अधिबोध नाही; प्रूस्त असा, की अधिबोधाची रूढ व्याख्या चुकली. व्याख्या श्रेष्ठ की घटना, असाच हा पेच आहे, आणि लहान मुलांविषयीचा नंतरचा पुरावा पाहता प्रूस्त यांची बाजू अधिक बळकट दिसते. गुपिल, रोमां-मोनिए व कुइदेर यांना २०१६ मध्ये असे आढळून आले की, अवघ्या २० महिन्यांची मुले लपविलेली वस्तू कोठे आहे हे आठवत नसेल अशाच वेळी आईबापांकडे मदतीसाठी पाहतात. ‘आई, मला ठाऊक नाही’ हे वाक्य बोलण्यापूर्वी कितीतरी आधी मूल त्या वाक्यातील आशयाप्रमाणे वागत असते.

मग संकल्पना नसतील तर हे मूल्यमापन कशाच्या साह्याने होते? प्रूस्त यांचे उत्तर असे की, ते भावनांच्या साह्याने होते. येथे भावना म्हणजे राग-लोभ नव्हेत. ठाऊक असल्याची भावना, काहीतरी चुकल्याची रुखरुख, समजल्याचे समाधान, ओळखीची चाहूल, अशा ज्ञानविषयक भावनांचा एक स्वतंत्र वर्ग त्या मानतात. या भावना ज्ञानाच्या मजकुराकडे पाहत नाहीत, ज्ञानाच्या चालीकडे पाहतात. इस्रायली मानसशास्त्रज्ञ आशेर कोरिआट यांनी १९९३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, स्मरणाचा प्रयत्न करताना तुकड्यातुकड्यांनी जी माहिती हाती येते तिचे प्रमाण आणि ती येण्यातील सहजता यांवर ‘ठाऊक आहे’ ही भावना अवलंबून असते. मग ते तुकडे खरे असोत की खोटे. जात्यावर बसलेल्या बाईला पिठाकडे न पाहताही दळण जड जात आहे की हलके, हे हाताला कळते. मनालाही आपल्या व्यापाराचा भार तसाच कळतो. या ठिकाणी प्रूस्त नियंत्रणशास्त्राचा आधार घेतात. कोनंट आणि अॅशबी यांनी १९७० मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की, कोणत्याही व्यवस्थेचे उत्तम नियमन करणारी यंत्रणा त्या व्यवस्थेचे प्रतिरूप असलीच पाहिजे. मनाचे नियमन करणारी यंत्रणाही मनाच्या व्यापाराचे चालते प्रतिरूप असते. अपेक्षित चाल आणि प्रत्यक्ष चाल यांतील तफावत भावनेच्या रूपाने प्रकट होते. त्यासाठी मनाला स्वतःचे शब्दांत वर्णन करावे लागत नाही.

येथवरचे प्रतिपादन मानसशास्त्राच्या जवळचे आहे. प्रूस्त यांची तत्त्वज्ञ म्हणून खरी कामगिरी कर्तृत्वाच्या प्रश्नात दिसते. गॅलन स्ट्रॉसन यांनी २००३ मध्ये असे प्रतिपादन केले की, विचार ही बहुतांशी कृती नव्हेच. मनुष्य फार तर लक्ष एकाग्र करतो, पूर्वतयारी करतो. विचार आपोआप येतो किंवा येत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. हात उचलावयाचा असेल तर काय घडवावयाचे ते आधीच निश्चित असते. परंतु नाव आठवावयाचे असेल, तर कोणते नाव आठवावयाचे हे आधी ठरविता येत नाही, कारण ते ठरले म्हणजे आठवलेच. प्रूस्त ही अडचण नाकारीत नाहीत. तिलाच त्या मानसिक कृतीचे लक्षण बनवितात. मानसिक कृतीत फळ निवडता येत नाही, पण फळाचा निकष निवडता येतो. न्यायालयात साक्ष देणारा मनुष्य आठवलेल्या गोष्टींतील संशयित तेवढ्या गाळतो, कारण तेथे अचूकपणा हा निकष आहे. लग्नाच्या आमंत्रितांची यादी करणारा मनुष्य मात्र शंकास्पद नावेही टिपून ठेवतो, कारण तेथे कोणी राहून जाऊ नये हा निकष आहे. दोघेही स्मरणच करीत आहेत, परंतु दोघांच्या कृती भिन्न आहेत आणि त्यांच्या यशाच्या कसोट्याही भिन्न आहेत. सुसंगतपणा, संभाव्यता, आकलनीयता, इतरांशी एकवाक्यता असे आणखीही निकष प्रूस्त मानतात.

यापुढचा मुद्दा या संशोधनाचा गाभा होय. कोणता निकष लावावयाचा हे व्यवहाराच्या सोयीवरून ठरते. परंतु निकष एकदा ठरल्यावर त्यानुसार येणारा निकाल सोयीने बदलता येत नाही. साक्षीदाराने मौन पाळावे की बोलावे, हे तो ठरवू शकतो. पाहिलेला इसम तोच होता याची खात्री आपल्याला किती वाटावी, हे तो ठरवू शकत नाही. लाभाच्या आशेने त्याने ओळख पटल्याचे सांगितले, तर तो खोटे बोलला असे होते. त्याची खात्री वाढली असे होत नाही. मनुष्य आपल्या समजुतींना जबाबदार कसा, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न या भेदामुळे बराच उलगडतो. समजूत इच्छेच्या ताब्यात नाही, म्हणून जबाबदारीही नाही, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. प्रूस्त यांच्या दृष्टीने जबाबदारी समजुतीच्या ठिकाणी नसून स्वीकाराच्या ठिकाणी आहे : कोणता निकष लावला, संशयाची सूचना मिळूनही ती डावलली काय, आणि ज्ञानाच्या दृष्टीने जे स्वीकारले ते व कृतीसाठी जे गृहीत धरले ते यांत गल्लत केली काय.

तथापि या भावनांवर विसंबावे कितपत? येथे प्रूस्त यांची भूमिका अनपेक्षित वळण घेते. स्वतःच्या ज्ञानाची राखण मनुष्य आतूनच करीत असल्यामुळे, समर्थनाची सर्व साधने ज्ञात्याच्या अंतरंगात असतात असे मानणाऱ्या अंतर्वादाला या संशोधनाने पुष्टी मिळावी, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. प्रूस्त यांनी २००८ मध्ये नेमके उलट मत मांडले. त्याच्या स्पष्टीकरणासाठी पाठांतर करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचे उदाहरण घेता येईल. एकाचा गुरू प्रत्येक चूक तेथल्या तेथे सुधारणारा. दुसऱ्याचा गुरू पेंगणारा, चुकले तरी मान डोलावणारा. काही वर्षांनी दोघांनाही म्हणताना ‘हे बरोबर आले’ अशी सारख्याच तीव्रतेची भावना होते. आतून पाहता दोघांत काहीही भेद नाही. परंतु पहिल्याची भावना सत्यासत्याच्या प्रत्याभरणाने घडलेली आहे, दुसऱ्याची केवळ सवयीने. विसंबण्याचा अधिकार पहिल्यालाच आहे, आणि तो अधिकार ज्या घटनेतून आला ती त्याच्या अंतरंगाच्या बाहेरची आहे. खात्री आतली असली, तरी तिची किंमत बाहेर ठरते.

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला येथे प्रामाण्यवादाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. ज्ञान उपजते तेच आपले प्रामाण्य घेऊन, असे मीमांसक मानतात. प्रामाण्य नंतर, सफल प्रवृत्तीवरून, अनुमानाने कळते, असे नैयायिक मानतात. प्रामाण्य स्वतःच कळत असते तर अनोळखी परिस्थितीत झालेल्या ज्ञानाविषयी संशय उद्‌भवलाच नसता, हा गंगेशादी नैयायिकांचा आक्षेप प्रूस्त यांच्या बाह्यवादाच्या पुष्कळ जवळ येतो. परंतु साम्य ताणू नये. नैयायिकाच्या दृष्टीने सरावाच्या परिस्थितीतही प्रामाण्याचे ग्रहण अनुमानानेच होते. प्रूस्त यांच्या मते सरावाने अनुमानाची जागा भावना घेते. शिवाय ‘मी घट जाणतो’ या रूपाचा अनुव्यवसाय ‘मी’ आणि ‘जाणणे’ या दोहोंचा निर्देश करतो. म्हणजे तो आरोपवाद्याच्या आत्मज्ञानाला अधिक जुळतो. डॉल्फिनच्या थबकण्याशी त्याचे नाते लावता येणार नाही. या बाबतीत घाईने केलेल्या तुलनांनी दोन्हीकडचे सिद्धान्त आजवर पुरेसे अंधुक झाले आहेत.

स्वतःच्या विचाराचे कर्तृत्व ही गृहीत धरण्याची गोष्ट नाही, हे मनोविकृतीच्या अभ्यासातून विशेष स्पष्ट होते. छिन्नमनस्कतेच्या काही रुग्णांना आपल्या मनातील विचार दुसऱ्या कोणी आत घातला आहे असे वाटते. विचार माझ्या मनात आहे हे ते मान्य करतात. तो माझा आहे हे नाकारतात. ख्रिस्तोफर फ्रिथ यांनी १९९२ मध्ये याची उपपत्ती अपेक्षा व परिणाम यांची तुलना करणाऱ्या यंत्रणेतील बिघाडाने लावली. प्रूस्त यांनी ती चिकित्सापूर्वक तपासली आहे. विचार माझ्या ठिकाणी असणे आणि तो मी केलेला असणे, या दोन गोष्टी सुटून वेगळ्या होऊ शकतात, एवढे तरी या रुग्णांमुळे मान्य करावे लागते.

या उपपत्तीत एक दुबळी जागा आहे. भावना केवळ विचाराच्या सुलभतेला प्रतिसाद देते असे म्हटले, तर ती सत्याच्या निकषाशी बांधली गेली आहे असे कसे म्हणावे? सुलभता आणि सत्य यांची सांगड स्थिर परिस्थितीत बहुधा पडते, हे प्रूस्त यांचे उत्तर. परंतु ‘बहुधा’ या शब्दावर फार भार पडतो. एकच विधान वारंवार ऐकल्याने ते सुलभ होते, खरे होत नाही. आणि जाहिरातदार व प्रचारक यांना हे तत्त्वज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात याचा प्रत्यय रोजचा आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासिला; दुसऱ्या गटाने तो एकदा अभ्यासून पुढे तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. आपल्याला तो कितपत स्मरेल असे विचारता पहिल्या गटाचा आत्मविश्वास अधिक होता. एका आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला सुमारे ६१ टक्के. पुनर्वाचनाने ओघ वाढला, ओघाने ‘येते आहे’ ही भावना वाढली, आणि त्या भावनेने पुस्तक मिटावयास लावले. आठवून लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक अडखळण्यातून आपल्या खात्रीचे माप तपासून मिळत होते. प्रूस्त यांनी अलीकडच्या काळात या प्रश्नाकडे अधिकाधिक लक्ष दिले आहे. २०१८ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्रालयाने नेमलेल्या वैज्ञानिक मंडळावर त्यांची नियुक्ती झाली, आणि घाईचा विचार व नेटका विचार यांतील निवडीवरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात मूल हात का वर करीत नाही, याचे कारण अज्ञान असेल किंवा आपल्या ज्ञानाविषयीची चुकलेली भावना असेल, आणि शिक्षकाने या दोहोंवर एकच उपाय करून चालणार नाही, हा विचार तेथून पुढे शाळांपर्यंत नेण्याचा प्रयत्न त्या मंडळाच्या कार्याचा एक भाग झाला.